मुलांना थीम पार्कला नेण्याचं योग्य वय कोणतं? सीमाभागातल्या आई-बाबांसाठी

थीम पार्कच्या दारात मुलाचं वय कुणी विचारत नाही. तिकीटखिडकीजवळ उंचीची पट्टी रंगवलेली असते. पोराला तिच्याशी पाठ लावून उभं करतात आणि टाळू कुठल्या रेघेला लागते ते बघतात. बेंगळूरच्या वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, ८५ ते १४० पर्यंत लहानांचं तिकीट, त्यावर मोठ्यांचं. खोपोलीजवळच्या इमॅजिकातही हिशेब उंचीचाच. आत गेल्यावर प्रत्येक राइडच्या तोंडाशी पुन्हा पट्टी. "सहावीत हाय हो आमचा," म्हणून वाद घालणारे वडील तिथं हमखास दिसतात. राइडवरचा माणूस पट्टीकडे बोट दाखवतो आणि मागच्याला पुढे बोलावतो.

पुण्या-मुंबईच्या लोकांचं एक बरं असतं. एखादा रविवार फुकट गेला तर पुढच्या वर्षी परत जातात. आपल्याला बेळगावहून खोपोली सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, बेंगळूर पाचशेच्या घरात, आणि वंडरला बेंगळूरच्याही पुढं बिडदीला. रात्रीचा प्रवास, एखादा मुक्काम, चौघांची तिकिटं, आतलं महागडं खाणं. खानापूर किंवा चिकोडी तालुक्यातल्या साध्या घराचा महिन्याचा किराणा त्यात सहज निघतो. त्यामुळं माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एकदाच जायचं असेल तर धाकटं सात वर्षांचं झाल्यावर आणि थोरलं बाराच्या पुढं सरकायच्या आत जा. याला अपवाद आहेत, आणि सात वर्षांचं प्रत्येक मूल तयार असतंच असंही नाही. ते घरबसल्या कसं ओळखायचं, त्यासाठी हा लेख.

आधी उंची मोजा

अनवाणी उभं करा. टाच, पाठ, डोकं भिंतीला, नजर समोर. मुलीची वेणी किंवा पोनी वर बांधलेली असेल तर सोडा. डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीनं खूण करा आणि शिंप्याच्या टेपनं मोजा. हे संध्याकाळी करा. दिवसभराच्या उड्या-धावपळीनं मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळपेक्षा उंची सेंटिमीटरभर कमी भरते. संध्याकाळचा आकडा धरून चाललात तर पार्कच्या दारात फसगत होत नाही.

अंदाज यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातले मधल्या चणीचे आकडे देतो. दोन वर्षांचं मूल ८६-८७ सेंटिमीटर, चार वर्षांचं १०३, पाचचं ११० च्या जवळ, सातचं १२१-१२२, दहाचं १३८. आपल्याकडची बरीच मुलं याच्या दोन-चार सेंटिमीटर खालीच असतात, त्यात काळजीचं काही नाही. पण पार्कच्या भाषेत त्याचा अर्थ असा की १४० ची रेघ बहुतेकांना अकराव्या वर्षी किंवा त्यानंतरच लागते. मोठ्या रोलर कोस्टरची अट साधारण तिथंच असते. इमॅजिकातला नायट्रो, वंडरलातला उलट्या दिशेनं परत येणारा रिकॉइल, हे सगळं त्या रेघेच्या वरचं जग. तुमचा आठ वर्षांचा पठ्ठ्या व्हिडिओत नायट्रो बघून बघून हट्ट धरून बसला असेल तर त्याला घरातच टेप लावून दाखवा. सव्वाचारशे किलोमीटर जाऊन रडण्यापेक्षा स्वयंपाकघरात रडलेला बरा.

उंचीची अट म्हणजे कंपनीचा आडमुठेपणा नव्हे. राइडमध्ये मांडीवर किंवा खांद्यावरून जी अडकण येते ती ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. बुटक्या मुलाच्या कमरेपाशी फट राहते. गाडी एकदम खाली झेपावते तेव्हा अंग सीटवरून उचललं जातं आणि मूल त्या फटीतून सरकू शकतं. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड, मान कोवळी, म्हणून झटके सोसत नाहीत. तेव्हा बुटात पुठ्ठा घालणं, जाड तळाचे शूज चढवणं, टाचा उंच करायला शिकवणं असली हुशारी करू नका. करणारे आहेत म्हणून सांगतोय.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अगदी छोट्यांच्या राइडना वरचीही मर्यादा असते. बारा वर्षांची ताई चार वर्षांच्या भावाला सोबत म्हणून त्या इवल्याशा मोटारीत बसू शकत नाही.

कुठल्या वयाला काय हाती लागतं

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला नेण्यात बाळाचा काही फायदा नाही. त्याला तिथलं काही आठवणार नाही. गोंगाट आणि उन्हानं ते किरकिरतं, आणि आई दिवसभर सावली आणि दूध पाजायला आडोसा शोधत फिरते. थोरल्यासाठी जायचंच असेल तर सोबत आज्जी किंवा आत्ती न्या, नाहीतर बाळ घरी आज्जीपाशी ठेवा. तिकीट लागत नाही, एवढंच नेण्याचं कारण असेल तर ते कारण पुरेसं नाही.

तीन-चार वर्षांची मुलं गमतीची. मेरी-गो-राउंडवर ती रमतात, फवाऱ्याखाली तासभर नाचतात, आणि तीच मुलं पार्कमधल्या सर्वांत महागड्या गोष्टीला भितात. या वयात खरं आणि खोटं यांच्यातली भिंत पक्की झालेली नसते. डोक्याएवढे डोळे असलेला केसाळ मुखवटा हात पसरून येतो तेव्हा आत माणूस आहे हे तुम्हाला कळतं, त्याला नाही कळत. अंधारात डायनासोर ओरडला की तो खराच ओरडतो. दिवाळीत लवंगी फुटली तरी घरात पळणारं पोर असेल तर अंधारातल्या सगळ्या राइड सोडून द्या. उरतं ते पाच-सहा छोट्या राइड आणि पाण्याचा उथळ हौद. तेवढ्यासाठी बेंगळूर गाठायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही जाणार.

पाच-सहाला चित्र बदलायला लागतं. उंची ११० च्या आसपास आली की आई-बाबांसोबत बसायच्या कौटुंबिक राइडपैकी बऱ्याच उघडतात. मूल रांगेत उभं राहू शकतं, शी-शू आधी सांगतं, "अजून दोन राइड झाल्या की जेवू" हे त्याला समजतं. अडचण दुपारची. घरी ज्याला अजून दुपारी तासभर झोप लागते, ते मूल तिथं तीनच्या सुमारास कोसळतं आणि मग कडेवर वीस किलोचं ओझं घेऊन पार्क बघायचा. दुपारची झोप सुटून सहा महिने झाले असतील तर सहाव्या वर्षीही चालेल.

सात ते दहा हा खरा हंगाम. १२० च्या पुढं उंची म्हणजे सगळ्यांत वरच्या दोन-चार राइड सोडल्या तर बाकीचं सगळं खुलं. भीती वाटते पण ती गोड वाटते. पाय थकतात पण तोंड बंद होत नाही. पार्कचा नकाशा हातात घेऊन घरच्यांना इकडून तिकडे पळवायचं वय हेच. आणि अजून आई-बाबांसोबत फिरायची लाज वाटायला लागलेली नसते. बारा-तेराला ती लागते. त्या वयाला थ्रिल पुरतं मिळतं, पण तुम्ही बाकावर बॅगा सांभाळत बसता आणि पोरं मित्रांसोबत. ते वाईट आहे असं नाही. फक्त त्या वयाची सहल घरच्यांपेक्षा वर्गातल्या दोस्तांबरोबर जास्त रंगते. मुलगी अकरा-बाराची असेल तर आणखी एक बघा. पाण्याच्या राइड आहेत, तेव्हा पाळीच्या तारखेचा अंदाज घेऊनच दिवस ठरवा. आईनं आधी एकदा तिच्याशी मोकळं बोलून घेतलं की ऐन वेळी ती कोपऱ्यात बसत नाही.

जत्रेत परीक्षा घ्या

हे आपल्या भागाचं भाग्य. महानगरातल्या लोकांना मुलाचा धीर कळायला थेट पार्कच गाठावा लागतो. आपल्याकडे चिंचलीच्या मायाक्कापासून गावच्या लक्ष्मीपर्यंत जत्रांना तोटा नाही, आणि मोठं मैदान असेल तिथं आकाशपाळणा, ब्रेकडान्स, ड्रॅगन, मिकी माउस येतातच. बेळगावात उन्हाळ्यात मैदानांवर असे मेळे लागतात. पन्नास-शंभर रुपयांत पोराची पूर्ण चाचणी होते.

पण बघायचं काय ते नीट बघा. पाळण्यात रडतो की नाही, एवढ्यावरून काही ठरत नाही. पाळणा वर जाऊन थांबला, खाली कुणीतरी चढतंय, पाळणा वाऱ्यानं हलतोय, अशा वेळी मुलाचे हात बघा. दांडी घट्ट धरून ते इकडे-तिकडे मान वळवून गाव बघत असेल, "आमचं घर कुठं दिसतंय?" विचारत असेल, तर झालं. डोळे मिटून तोंड तुमच्या दंडात खुपसलं असेल, "पप्पा, भ्या वाटालंय, उतरू या की" चाललं असेल, तर खाली आल्यावर घड्याळ लावल्यासारखं बघत राहा. पाच मिनिटांत उसाचा रस पिऊन "आनी एकदा!" म्हणत परत आलं तर भीतीवर त्याची त्यानं मात केली. रात्री झोपेतून दचकून उठलं, तर अजून एक वर्ष थांबा.

ड्रॅगनच्या रांगेत अर्धा तास उभं करून बघा. पार्कमध्ये सुट्टीच्या दिवशी चांगल्या राइडला त्याहून जास्त उभं राहावं लागतं, आणि राइड संपते दोन-तीन मिनिटांत. गर्दीत हात सोडून पळायची सवय आहे का? अनोळखी, ओल्या, वासाच्या संडासात जायला तयार होतं का? या शेवटच्या प्रश्नावर हसू नका. घरच्याशिवाय कुठं जाणार नाही म्हणून दिवसभर धरून ठेवणारी मुलं असतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं पोट दुखून सहलीचा बट्ट्याबोळ होतो.

जत्रेतल्या पाळण्यांबद्दल एक सांगतो, कारण चाचणीच्या नादात लोक ते विसरतात. बसण्याआधी साखळी, खिटी, आडवी दांडी स्वतःच्या हातानं हलवून बघा. ढिली वाटली, ऑपरेटर मोबाईलमध्ये गुंग दिसला, एका पाळण्यात सहा-सहा जण कोंबले जात असतील, तर पैसे गेले तरी उतरा. मैदानावर कायम बांधलेल्या पार्कासारखी रोजची तपासणी तिथं गृहीत धरता येत नाही.

दुसरी चाचणी घाटाची. गोव्याला जाताना चोर्ला घाटात किंवा सावंतवाडीच्या वाटेवर आंबोलीत मूल ओकतं का? गाडी लागणं दोन ते बारा वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. डोळ्यांना आतली सीट स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र वळणं मोजत असतो, आणि दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. गोल गोल फिरणाऱ्या राइड आणि पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या अशा मुलांना हटकून त्रास देतात. त्यांना सरळ पुढे जाणाऱ्या आणि पाण्याच्या राइड मात्र सहसा चालतात. म्हणजे सहल रद्द करायची गरज नाही, फक्त राइड निवडून घ्यायच्या आणि पोट भरल्या भरल्या बसायचं नाही.

मधली पायरी

जत्रेनंतर एकदम खोपोली नको. मध्ये एक दिवसाची सहल करा, संध्याकाळी घरी परत येता येईल अशी. निपाणी, चिकोडीकरांना कोल्हापूरजवळचं कणेरी मठातलं सिद्धगिरी म्युझियम जवळ. जुन्या खेड्यातले बलुतेदार, बाजार, शेतातली कामं, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय. चार-पाच वर्षांच्या मुलांना ते फार आवडतं. पुतळा हलत नाही, ओरडत नाही, आणि त्याच्याजवळ जाऊन उभं राहता येतं. आजोबा सोबत असतील तर त्यांना प्रत्येक पुतळ्यापाशी सांगायला काहीतरी असतं. पण पाय किती दमतात याची खरी परीक्षा तिथं होते, कारण आतून चालणं भरपूर आहे. हुबळीच्या पुढं शिग्गावजवळ गोटगोडीला उत्सव रॉक गार्डन आहे, त्याची तऱ्हा अशीच, कानडी खेड्याची. बेळगावकरांना दिवसभराचंही नको असेल तर महामार्गावरचं भुतरामहट्टीचं प्राणीसंग्रहालय अर्ध्या दिवसात होतं.

पाण्याची सवय लावायला गोव्यातला हणजुणेचा वॉटर पार्क बरा, घाटाची परीक्षाही त्याच फेरीत होते. इथं मुलाचं डोकं पाण्याखाली गेल्यावर ते काय करतं ते कळतं. खोकून हसतं की दिवसभर कडेला बसतं? कडेला बसणाऱ्याला घेऊन मोठ्या पार्काच्या पाण्याच्या तिकिटावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

घरात दोन-तीन मुलं असतील तर

इथंच बहुतेकांचं गाडं अडतं. थोरला दहाचा, धाकटी तीनची. दहाच्याला थांबवून ठेवलं तर धाकटी सात वर्षांची होईपर्यंत तो चौदाचा होतो. अशा वेळी सरासरी काढू नका. थोरल्याला एकट्याला बाबांसोबत किंवा मामासोबत पाठवा, धाकटीची पाळी पुढं. दोघांमधलं अंतर तीन वर्षांच्या आत असेल तर मात्र धाकट्याच्या उंचीवर निर्णय घ्या, थोरल्याला फार वाट बघावी लागत नाही.

एकत्र कुटुंबातून टीटी (टेम्पो ट्रॅव्हलर) करून पंधरा जण जाणार असतील तर आदल्या रात्रीच वाटणी करा. कुठला काका मोठ्या पोरांसोबत, कुठली काकू छोट्यांसोबत, जेवायला कुठं आणि कधी भेटायचं. ही वाटणी पार्कच्या दारात करायला गेलात तर तासभर तिथंच जातो. आज्जी-आज्जांना न्यायला हरकत नाही, पण त्यांना दिवसभर बॅगांचा पहारेकरी करून बसवायचं असेल तर त्यांनाही आधी तसं सांगा. लॉकर भाड्यानं मिळतात. बीपी किंवा हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, दिवस गेलेल्या सुना-मुली, यांनी जोराच्या राइडवर बसू नये. मुलाला फिट येत असेल, दमा असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बेंगळूर की खोपोली

वंडरलात एकाच तिकिटात जमिनीवरच्या आणि पाण्याच्या, दोन्ही राइड येतात. इमॅजिकाचं थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, बर्फाचं वेगळं, आणि तिकिटंही वेगळी. मुलं लहान असतील आणि पाणीवेडी असतील तर माझा कौल बेंगळूरला. बसून बघायच्या, गोष्ट सांगणाऱ्या राइड इमॅजिकात जास्त आहेत. भारतावरून उडत गेल्याचा भास देणारी 'आय फॉर इंडिया', होडीतून डायनासोरांच्या राज्यातून नेणारी 'राजासॉरस'. सात-आठ वर्षांच्या गोष्टीवेड्या मुलाला ते जास्त भावतं. राजासॉरस हा आपल्या गुजरातेत सापडलेला खरा डायनासोर. हे आधी सांगून ठेवलं तर पोर अर्ध्या पार्कात तेच बोलत फिरतं.

प्रवासाचं बघता निपाणीकराला महामार्गानं पुण्यावरून खोपोली सोपी. खानापूर, लोंढ्याकडच्यांना रेल्वेनं बेंगळूर. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी पोचवते, मुलं झोपेतच जातात. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही नाही. पाच ते बारामध्ये बर्थ हवा तर पूर्ण भाडं, नको तर अर्धं. अर्धं वाचवून आठ वर्षांच्या पोराला शेजारी झोपवलंत तर दुसऱ्या दिवशी सगळं घर जांभया देत पार्क बघतं. बर्थ घ्या. कर्नाटकातल्या बायका-मुलींना शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसचा प्रवास फुकट आहे, हा मोह होतो. पण दहा-बारा तास साध्या बसमध्ये मुलांना घेऊन बसणं आणि वर दिवसभर पार्क, हे अंगावर येतं. आणि राज्याबाहेर जाणाऱ्या बसला ती योजना नाहीच.

बेंगळूरला उतरल्यावर बिडदी म्हैसूर रस्त्यावर आहे. मेट्रोची जांभळी लाईन त्याच रस्त्यावर चल्लघट्टापर्यंत जाते, पुढं बस किंवा टॅक्सी. म्हैसूरकडच्या लोकल गाड्या बिडदीलाही थांबतात.

दोन राज्यांच्या सुट्ट्यांचा फायदा घ्या

सीमाभागात राहण्याचा एरवी ताप जास्त. इथं मात्र नफा आहे. आपल्या मुलांच्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते, तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांच्या परीक्षा अजून चालू असतात. त्या पंधरवड्यात आडवारी, म्हणजे सोमवार ते गुरुवार, इमॅजिकाला गेलात तर रांगा लहान मिळतात. दसऱ्याचंही तेच. आपल्याकडे ऑक्टोबरात लांब सुट्टी, त्यांची मोठी सुट्टी दिवाळीत. उलट बेंगळूरला जायचं तर एप्रिल-मे आणि दसरा टाळा, अख्खा कर्नाटक तिथं असतो. संक्रांतीच्या पुढंमागं एखादी रजा जोडून काढलेली सहल उत्तम, हवाही थंड.

कोल्हापूर-गडहिंग्लजच्या मामाची पोरं सोबत न्यायची असतील तर दोन्ही सुट्ट्या जुळतात फक्त मे महिन्यात, आणि मेमध्ये खोपोलीचं ऊन आणि घाम म्हणजे काय ते गेलेल्यालाच ठाऊक. तेव्हा मामेभावंडांचा कार्यक्रम एखाद्या जोडून आलेल्या शनिवार-रविवारवर घ्या किंवा थेट पाण्याच्या पार्कचा ठरवा. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण विजा किंवा जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. मोठ्या राइडसाठीच जाणाऱ्यांनी जुलै धरू नये.

तिकीट आधी ऑनलाईन काढा आणि त्याच दिवशी वेबसाईटवर कुठली राइड दुरुस्तीसाठी बंद आहे का तेही बघून घ्या. रांग टाळायचं जादा पैशांचं तिकीट मिळतं. १२० च्या खालच्या मुलांसाठी ते घेऊ नका, छोट्यांच्या राइडला तेवढी रांगच नसते.

पिशवीत काय

पाण्यात नायलॉनचे कपडेच चालतात. साडी, चुडीदार, सुती टी-शर्ट, जीन्स घालून सोडत नाहीत. आत भाड्यानं किंवा विकत मिळतात, पण बेळगावच्या बाजारातून अंगभर, बाह्यांचे पोहायचे कपडे आधीच घ्या, बायकांना तेच सोयीचं वाटतं. डायपर लावणाऱ्या बाळासाठी पोहायचा वेगळा डायपर. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बाळाचं मात्र सहसा अडवत नाहीत. तेव्हा शेंगाचटणी-चपाती, चिरमुरे, कुंद्याची वडी हे सगळं गाडीतल्या न्याहारीसाठी. ओआरएसची पाकिटं, मुलाची नेहमीची औषधं, दोन जादा चड्ड्या, टॉवेल. नवीन बूट घालून नेऊ नका.

त्या दिवशी

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. आत गेल्या गेल्या सगळे पळत मोठ्या राइडकडे जातात. तुम्ही नका जाऊ. पहिली राइड मुलाला हमखास आवडेल अशी छोटी घ्या, त्याचा धीर बांधला जातो. मग एक-एक पायरी वर. राइडमध्ये बसण्याआधी तीच राइड एकदा बाहेरून पूर्ण बघू द्या, कुठं ओरडतात, कुठं थांबते. "काही होत नाही रे, बस गप" म्हणून ढकलून बसवलेलं मूल पुढं दिवसभर कशातच बसत नाही. नको म्हणालं तर नको. आईनं त्याच्याजवळ थांबायचं, बाबांनी मोठ्याला घेऊन जायचं, मग अदलाबदल.

सकाळीच मुलाचा मोबाईलवर फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. पेननं हाताच्या आतल्या बाजूला तुमचा नंबर लिहा, पाण्यात जाणार असाल तर पुसला जातो म्हणून परत लिहा. हरवल्यास जागचं हलायचं नाही आणि पार्कच्या गणवेशातल्या माणसाला सांगायचं, एवढं पाठ करून घ्या. आपल्या मराठी शाळेतल्या मुलांनाही कानडी येतं, त्याचा इथं उपयोग. "नन्न अप्पा-अम्मा काणिस्ता इल्ला" (माझे आई-बाबा दिसत नाहीत) हे वाक्य घरातून निघताना दोन-तीनदा म्हणवून घ्या. घाबरलेलं मूल येत असलेली भाषाही विसरतं.

पाण्यात मोबाईल बंद. हातभर अंतरापेक्षा दूर जाऊ द्यायचं नाही, लाटांच्या हौदात तर नाहीच. बुडणारं मूल हाका मारत नाही, हात आपटत नाही. ते गप्प खाली जातं आणि गुडघाभर पाण्यातही हे घडतं. दंडाला बांधायचे फुगे सटकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. जीवरक्षक असतो, पण त्याच्यासमोर दोनशे पोरं असतात.

जेवण बारालाच उरका. एकनंतर खाण्याच्या ठिकाणी रांगा लागतात आणि उन्हाचा कडाका असतो, तेव्हा सावलीतल्या किंवा पाण्याच्या राइड घ्या. तास-दीड तासाला प्रत्येकाला पाणी प्यायला लावा, तहान लागली नाही म्हणालं तरी. चारच्या सुमारास मूल उगाच भांडायला लागलं, बहिणीला चिमटे काढायला लागलं, तर ते दमलंय. ओरडू नका, एखाद्या बाकावर वीस मिनिटं बसवा, काहीतरी खायला द्या.

परतीची गाडी रात्रीची असेल तर बिडदीहून सहाच्या आत बाहेर पडा, म्हैसूर रस्त्यावर संध्याकाळी वाहनं तुंबतात. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे, रात्रीचे कपडे वरच ठेवा, म्हणजे स्टेशनवर बॅग उपसावी लागत नाही. गाडीत मुलांना खालचा बर्थ द्या, दिवसभर पाळण्यात बसलेलं पोर झोपेत हमखास हातपाय झाडतं. खानापूरला उतरणाऱ्यांनी लोंढा आलं की मुलांना उठवायला घ्यावं. गाडी तिथं फार थांबत नाही.